गुरुवारी मी नसते

गुरुवार, ५

"मॅडम, मी नेमकं कोणत्या दिवशी यायचं?"

एवढा साधा प्रश्न. आज एका माणसाने विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. घरी आले, जेवले, वही उघडून बसले, तरी येत नाही.

आमच्या केंद्राच्या दारावर पाटी आहे. सोमवार: जोडपी. गुरुवार: पुरुष. गुरुवारचे पुरुष म्हणजे पुरुषांशी संबंध असणारे पुरुष. हे पाटीवर लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. सोमवारी लोक पुढच्या दाराने येतात, गुरुवारी जिन्याखालच्या. माझं काम समुपदेशनाचं. तपासणीच्या आधी माणसाला जवळ बसवायचं, काय काय झालं ते विचारायचं, निकाल आला की पुन्हा बसवायचं. नोकरीला वर्षसुद्धा झालं नाही आणि पाठ म्हातारीसारखी धरते.

हा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो. दोन-तीन महिन्यांपूर्वी एका सोमवारी आला होता. न दुखणारा एक फोड होता, तोही बरा होत आलेला. मी ठरलेला प्रश्न विचारला होता, बायकोशिवाय दुसऱ्या बाईशी संबंध आहे का? तो नाही म्हणाला. 'धोका कमी' असं लिहून मी त्याला घरी पाठवलं. आज तोच जिन्याखालच्या दाराने आला. अंगात कणकण, गळून गेल्यासारखं वाटतंय, आणि डोक्यावरचे केस मधूनमधून गेलेले. त्याची बायको केस कापायचं दुकान चालवते. तिनेच पाहिलं म्हणे. "वाळवी लागल्यासारखं दिसतंय डोकं, जा दाखवून ये," म्हणाली.

"मग तेव्हा का नाही सांगितलंत मला?"

"तुम्ही बाईचं विचारलंत, मॅडम. बाई नव्हतीच."

तो खोटं बोलला नव्हता.

बाहेर बाकावर बसलेल्यांनी त्याला आल्याआल्या टोमणे मारले होते. ते माझ्यापर्यंत ऐकू येत होते. एक म्हणाला, "आले, जावईबापू आले!" दुसरा म्हणाला, "दोन दगडांवर पाय ठेवतोस, पडशील रे." तो हसला. आत आल्यावर मात्र हसू पुसून टाकल्यासारखं गेलं. म्हणाला, "सोमवारी जोडप्यांमध्ये बसलो की तुम्ही पुढचं काही विचारतच नाही. गुरुवारी इथे बसलो की हे मला चोर समजतात. तुम्ही शिकलेल्या आहात, घरातल्या पहिल्या पदवीधर. तुम्हीच सांगा."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तोंडावर दिसतं."

मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. मग मी प्रशिक्षणात शिकवलेलं बोलून गेले, की कधीकधी माणसाचं अजून ठरलेलं नसतं, मनात गोंधळ असतो, वेळ घ्या. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते ना, तेव्हा मला बोलावतात," तो म्हणाला. "मी अडकलेला नाही, मॅडम. मी दोन्ही मजल्यांवर थांबतो."

रक्त घेतलं. निकाल पुढच्या गुरुवारी.

रविवार, ८

दिवसभर झोपावंसं वाटत होतं. आईने पडदे धुवायला काढले.

दुपारी दादा माझ्याजवळ येऊन हात पुढे करून उभा राहिला. "प्रोफेसर, जरा बघ गं." मी पदवीधर झाले त्या दिवसापासून तो मला प्रोफेसरच म्हणतो. माझं प्रमाणपत्र त्यानेच चौकटीत बसवून आणलं आणि आरशाशेजारी लावलं, त्यामुळे घरातला प्रत्येक माणूस भांग पाडताना ते वाचतो.

त्याच्या दोन्ही तळहातांवर तांबूस ठिपके होते. खाजतं का म्हटलं, तर नाही म्हणाला. दुखत नाही, आगही नाही. दादा धुलाईच्या कारखान्यात आहे, हॉटेलांच्या चादरी येतात तिथे. मी म्हटलं, "साबण बदलला असेल तुमच्याकडे. हातमोजे घालत जा." घरात होतं ते मलम चोळून दिलं. बरा होशील म्हटलं.

"तुमच्या डॉक्टरला नाही ना दाखवायला लागणार?"

"आमच्या डॉक्टरांना दुसरे उद्योग आहेत, तुझे हात कशाला बघतील?"

तो हसला. मग म्हणाला, "तू रोज असतेस का गं तिथे? सोमवारी, गुरुवारी, सगळे दिवस?"

"सगळे दिवस."

"एखादी रजा काढावी माणसाने. डोळे बघ कसे खोल गेलेत."

सगळ्या घरात माझी अशी चौकशी करणारा तो एकटाच. बाबांना वाटतं पदवी मिळाली की माणूस दमत नाही.

संध्याकाळी होणाऱ्या वहिनीचा फोन आला. ती दातांच्या दवाखान्यात रुग्णांच्या वेळा ठरवण्याचं काम करते. पुढच्या महिनाअखेरीस त्यांचं लग्न, नोंदणी कचेरीत, साधंच. दादा खिडकीत पाठमोरा उभा राहून तिच्याशी बोलत होता आणि त्याचं ते हसू आलं, आधी खांदे हलतात आणि आवाज मागून येतो. आई मला खूण करून म्हणाली, "बघ, लाजतोय मेला."

गुरुवार, १२

लिफ्टवाल्याचा निकाल आला. सिफिलिस. जुने लोक गरमी म्हणायचे तीच. बाकीच्या तपासण्या ठीक निघाल्या. मी त्याला सांगितलं की वेळेवर कळलं, पेनिसिलिनचं इंजेक्शन आहे, पूर्ण बरं होतं. त्याने डोळे मिटले आणि खूप वेळाने उघडले.

मग मी सांगायचं ते सांगितलं. बायकोला तपासायला आणावं लागेल. आणि दुसरं जे कोणी असेल, त्यांनाही.

"बायकोला आणतो."

"खरं सांगून आणा. संसार खोट्यावर उभा राहत नाही."

"मॅडम, तुमचं लग्न झालंय?"

"नाही."

"बरं," म्हणाला. त्या 'बरं'मध्ये एवढं काही होतं की मला राग आला. मी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने. आजार बरा होतो पण विश्वास बरा होत नाही, असंही म्हणाले. हे वाक्य मी आदल्या दिवशी तयार करून ठेवलं होतं.

"बायकोवर माझं मन आहे," तो म्हणाला. "त्याच्यावरही आहे. ऐकणाऱ्याला वाटतं यातलं एक नाटक असणार. बायकोकडे जातो ते लोकांना दाखवायला, नाहीतर त्याच्याकडे जातो ते चटक म्हणून. दोन्ही खरं असेल असं कुणी धरूनच चालत नाही. तुम्हीसुद्धा."

"मग त्यालाही आणा."

"तो नाही येणार इथे."

"का?"

"त्याच्या घरचं माणूस इथे कामाला आहे." हे तो माझ्याकडे न बघता, टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत म्हणाला.

"नाव सांगू नका," मी घाईने म्हटलं. नियम आहे. "पण त्याला सांगा की इथली गोष्ट इथेच राहते."

"सांगून झालं. तो म्हणतो, गोष्ट राहील, पण बघणाऱ्याचे डोळे घरी येतील ना."

मोठ्या सिस्टरनी त्याला कमरेखाली दोन्ही बाजूंना इंजेक्शन दिलं. ते फार दुखतं. बाहेर येऊन तो खुर्चीचे दोन्ही हात धरून सावकाश टेकला आणि लगेच उठला. सिस्टर म्हणाल्या, "उभ्यानेच जा आज घरी. बसलात तर आई आठवेल."

शुक्रवार, १३

दिवसभर डोक्यात तेच. आमच्यातल्या कुणाच्या घरचा असेल तो? प्रयोगशाळेतल्या मुलीला दोन भाऊ आहेत. सिस्टरचा मुलगा मोठा आहे. शिपाईकाका पुतण्याबद्दल नेहमी काळजीने बोलतात. असा विचार करणंही नियमाविरुद्ध आहे. तरी केला.

जेवताना राहवलं नाही. नावगाव काही नाही, नुसतं म्हटलं, "आमच्याकडे उपचाराला यायला एक माणूस घाबरतो. का, तर म्हणे घरचं कोणीतरी तिथे कामाला आहे. कमाल आहे! घरच्याच माणसाला घाबरायचं?"

बाबा म्हणाले, "कशाचे उपचार?" आई म्हणाली, "जेवताना नको गं तुझं ते."

दादाने ताटातून डोकं वर केलं नाही. म्हणाला, "घरच्यालाच घाबरतात, प्रोफेसर. परक्याला कशाला घाबरेल कोणी?"

"मी असते ना त्याच्या घरची, तर हाताला धरून नेलं असतं."

"त्यालाच तो घाबरत असेल," दादा म्हणाला आणि हात धुवायला उठला. जेवण अर्धंच टाकलं होतं. कारखान्यात कामं वाढलीत, त्यामुळे भूक मेली आहे त्याची.

गुरुवार, १९

लिफ्टवाला बायकोला घेऊन सोमवारी येणार होता. आला नाही. फोन केला, उचलला नाही. आज सिस्टरना सांगितलं तर त्यांनी आधी चष्मा काढला. त्या चष्मा काढतात तेव्हा समोरच्याने बसून घ्यावं.

"तू त्याला काय म्हणालीस?"

मी सांगितलं.

"म्हणजे बाईला इंजेक्शन हवं होतं, आणि तू त्याच्यावर अट घातलीस की आधी कबुली दे."

"अट नाही घातली. सल्ला दिला."

"आपल्याकडे आलेल्या माणसाला सल्ला अटीसारखाच ऐकू येतो. त्या बाईच्या रक्तात काय चाललंय ते तुझ्या खऱ्याखोट्याची वाट बघत थांबलंय का? भाषणाची हौस असेल तर निवडणूक लढव."

सगळ्यांसमोर बोलल्या. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले. मला अजून वाटतं माझं म्हणणं चूक नव्हतं. पण बरोबर असण्याने एवढं दमायला का होतं?

दुपारी मी सिस्टरना विचारलं, की निदान प्रश्न तरी बदलू या का. 'दुसऱ्या बाईशी' ऐवजी 'दुसऱ्या कोणाशीही, बाई किंवा पुरुष' असं. आणि ते दोन दिवस, दोन दारं कशाला? त्या म्हणाल्या, "दिवस वरून ठरतात. प्रश्न तुझ्या तोंडात आहे, तो तू विचार." सोमवारपासून तसं विचारणार आहे.

घरी आले तर दादा खुशीत. दोन्ही हात माझ्यासमोर नाचवले. "गेलं सगळं! मलमाने काम केलं तुझ्या. फी किती झाली, प्रोफेसर?" तळहात खरंच स्वच्छ होते, चादरींसारखे पांढरेधोप. कितीतरी दिवसांनी काहीतरी माझ्या हातून धड झालं.

सोमवार, २३

आज दोघं आली. लिफ्टवाला मागे, त्याची बायको पुढे. ठेंगणी, हाताला केसांच्या तेलाचा वास, बसल्याबसल्या तिने माझ्या वेणीकडे पाहून घेतलं.

मी तिला एकटीला आत घेतलं. तसा नियम आहे. काय सांगायचं, किती सांगायचं, याची मी जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "ताई, मला काय झालंय ते सांगा. कोणामुळे ते राहू द्या. ते मला माहीत आहे."

मी पेन खाली ठेवलं.

"लग्नाआधीच सांगितलं होतं त्याने. तेव्हा मी रडले, मग विचारलं, माझ्यावर मन आहे का? आहे म्हणाला. ते मी रोज बघते. आहे. केस कापता कापता माणसाचं डोकं कळतं. पण हा आजार घरी आणला ना, त्याबद्दल मी त्याला सोडणार नाही. सावध राहायचं कबूल केलं होतं त्याने."

"मग मागच्या सोमवारी का नाही आलात?"

"तो घाबरला. म्हणाला, तिथल्या मॅडम तुला समोर बसवून सगळं वदवून घेतील. मी म्हटलं, मॅडमला काय वदवायचंय ते वदवू दे, मला इंजेक्शन घेऊ दे. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाहेर कशाला दाखवायचे?"

म्हणजे ज्या खऱ्यासाठी मी एवढी ओरडले, ते त्या घरात माझ्या आधीपासून राहत होतं. उशीर झाला तो माझ्यामुळे.

तिचा निकाल लगेचच्या तपासणीत कळला. तिलाही आहे. सिस्टरनी लगेच इंजेक्शन दिलं. बाहेर नवरा उभा होता. तिने त्याच्या दंडाला जोरात चिमटा काढला आणि मग तोच दंड धरून उभी राहिली.

जाताना मी लिफ्टवाल्याला हळूच विचारलं, "तुमचा मित्र?"

"तो म्हणतो, ती नसेल त्या दिवशी येईन. पण ती रोजच असते."

ती. म्हणजे बाई आहे. मग शिपाईकाका बाद. सिस्टर, प्रयोगशाळेतली मुलगी, साफसफाईच्या मावशी. मला धरलं तर चौघी.

गुरुवार, २६

जिन्याखालच्या दाराने आज एक तरुण आला. डॉक्टरांनी मला हाक मारली. "इकडे ये, पाहून ठेव. पुस्तकात चित्र बघून कळत नाही." त्या मुलाने दोन्ही तळहात वर केले.

तांबूस ठिपके. खाज नाही, आग नाही, दुखत नाही.

डॉक्टर फार दमलेले असतात, वाक्य संपेपर्यंत त्यांचा आवाज संपतो. "सिफिलिसचा दुसरा टप्पा. लोक साबणावर ढकलतात, उन्हावर ढकलतात. कोणीतरी मलम देतं. मग पुरळ आपोआप जातं. आजार जात नाही. माणसाला वाटतं मलमाने गेलं, आणि तो खुशाल लग्नबिग्न करतो..."

मी मान हलवली. लिहून घेतलं. उरलेल्या सगळ्यांशी बोलले, नीट बोलले असं वाटतं.

आज यापुढे लिहवत नाही.

शुक्रवार, २७

अर्धा दिवस सांगून निघाले आणि धुलाईच्या कारखान्यात गेले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. दादा, मला तुझ्याशी बोलायचंय. दादा, घाबरू नकोस, बरं होतं. दादा, मी कोणाला सांगणार नाही. प्रत्येक वाक्य समुपदेशकाचं होतं, बहिणीचं एकही नव्हतं.

कारखान्याच्या मागच्या बाजूला चादरींच्या ढकलगाड्या वर नेणारी लिफ्ट आहे. तिच्यावर 'बंद आहे' असा पुठ्ठा टांगलेला होता. दार उघडं, आत माणूस गुडघ्यांवर बसलेला, हातात पाना. लिफ्टवाला. आणि त्याच्या डोक्यावर बॅटरीचा उजेड धरून दादा उभा.

लिफ्टवाला काहीतरी म्हणाला. दादाचे आधी खांदे हलले, मग आवाज आला.

ते हसू मी ओळखते. खिडकीत पाठमोरा उभा राहून होणाऱ्या वहिनीशी बोलतो तेव्हाचं. तेच. त्यात काही कमी नव्हतं, जास्तही नव्हतं. दोन वेगवेगळी हसू असती तर मला सोपं गेलं असतं. एक खरं, एक खोटं अशी खूण केली असती.

दोघांपैकी कुणीही मला पाहिलं नाही. एका गाडीत वाफ निघणाऱ्या चादरी होत्या, तिच्यामागून मी परत फिरले.

आई म्हणते ना, काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण कळसा ज्याच्या काखेत असतो त्याला वजनसुद्धा लागू नये?

शनिवार, २८

झोप झाली नाही. जेवतानाचं माझं बोलणं आठवतं. "हाताला धरून नेलं असतं." त्याने त्याच वेळी मला उत्तर दिलं होतं. मी ते त्याच्या भुकेच्या खात्यात टाकलं.

होणारी वहिनी साडी दाखवायला आली होती. निळी आहे, मऊ. आरशासमोर खांद्यावर धरून उभी राहिली आणि शेजारचं माझं प्रमाणपत्र वाचून म्हणाली, "मला तुमचा फार आधार वाटतो हं. घरात एक तरी सगळं कळणारं माणूस आहे." दादा दारात उभा होता. तिच्याकडे असा बघत होता की कोणालाही हेवा वाटावा. आणि मी मनात हिशेब करत होते, की त्याच्या हातांवर ठिपके दिसल्याला आता किती आठवडे झाले.

तिला सांगावं का? नियम म्हणतो नाही. बहीण म्हणून? त्याने मला काही सांगितलेलंच नाही. मला जे माहीत आहे ते एका परक्या माणसाच्या विश्वासातून आलेलं. दादाला समोर बसवून विचारलं तर तो 'नाही' म्हणेल. आणि एकदा माझ्यासमोर नाही म्हटल्यावर त्याला केंद्राचं दार कायमचं बंद.

त्याने माझ्याकडे काय मागितलं होतं, ते दुपारी सुचलं. तेही कपडे वाळत घालताना. त्याने मागितलं होतं, सरळ शब्दांत, तीन रविवारांपूर्वी.

रविवार, २९

सकाळी सगळे चहाला असताना म्हटलं, "मी या गुरुवारी रजा घेतलीय."

बाबा म्हणाले, "नवी नोकरी आणि रजा?"

"पाठ धरलीय. दिवसभर केंद्राच्या आसपाससुद्धा फिरकणार नाही. मैत्रिणीकडे जाऊन पडते. माझं काम त्या दिवशी मोठ्या सिस्टर बघतील, कागदपत्रंसुद्धा त्यांच्याच कुलपात. माझ्याकडे त्यातलं काही येत नाही." एवढं सांगायची कोणाला गरज नव्हती. आईने विचित्र नजरेने पाहिलं.

दादाने कप खाली ठेवला. "चांगलं केलंस," म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "चांगलं केलंस."

सोमवार, ३०

सिस्टरना म्हटलं, गुरुवारच्या नोंदी तुमच्याकडेच ठेवाल का, मला पुढेही बघायच्या नाहीत. मला वाटलं चष्मा काढतील. नाही काढला. "बरं," म्हणाल्या. लिफ्टवाल्याने म्हटलं होतं तसंच ते बरं.

नवा प्रश्न आज सगळ्यांना विचारला. एका मध्यमवयीन गृहस्थाने दाराकडे पाहिलं, बाहेर बायको बसली होती, आणि मग खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली.

गुरुवार, २

दिवसभर मैत्रिणीच्या गच्चीत बसून होते. ती कामावर गेलेली. पुस्तक नेलं होतं, एक पान वाचलं नाही. तो आत गेला असेल का? बाकावरच्यांनी त्याला काय म्हटलं असेल? की तो कोपऱ्यापर्यंत येऊन परत फिरला असेल? फोन हातात घेतला आणि तिच्या कपाटात ठेवून आले. कोणासाठी काहीच न करणं हे एवढं कष्टाचं काम असतं हे कोणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आले. दादा माझ्या आधी आलेला. जेवायला बसताना त्याने खुर्चीच्या पाठीला धरलं, दुसरा हात टेबलावर टेकवला, आणि सावकाश, ओठ दाबून टेकला.

आईने विचारलं, "काय रे, पडलास की काय?"

"ढकलगाडी लागली."

मी उठून आतून उशी आणली आणि त्याच्या खुर्चीवर ठेवली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या भरायला गेले. भरलेलाच होता, तरी गेले.

शुक्रवार, ३

सिस्टर म्हणाल्या, "काल गर्दी होती. सगळ्यांचं नीट झालं." एवढंच. आणि माझ्या टेबलावर कपभर चहा ठेवून गेल्या. आजवर कधी ठेवला नव्हता.

रात्री भांडी पुसताना दादा फडकं घेऊन शेजारी उभा राहिला. बराच वेळ एकच ताट पुसत होता.

"प्रोफेसर, सोमवारी नवरा-बायकोच लागतात का गं? लग्न व्हायचं असलेले चालतात?"

"कोणीही चालतं."

"आणि आधी एकमेकांना सगळं सांगावं लागतं का? म्हणजे तिथे विचारतात का?"

महिन्यापूर्वी मी काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत आहे. म्हटलं, "तिथे कोणी विचारत नाही. ते ज्याचं त्याने ठरवायचं."

"हं," म्हणाला. ताट ठेवलं. "मी तिला सांगणार आहे. कारखान्यातलं... सगळंच."

त्यापुढे मी विचारलं नाही. मला विचारायचं होतं. लग्न मोडेल का, लिफ्टवाल्याचं काय, तुला भीती वाटते का. त्याने ताटावर ताट ठेवलं, आवाज न करता.

रविवार, ५

दुपारी दादा आणि होणारी वहिनी फिरायला गेली. अंधार पडेपर्यंत आली नाहीत. आई दहादा दारात जाऊन आली. "बाहेर एवढं काय बोलायचं असतं?"

आली तेव्हा वहिनीचे डोळे सुजलेले. दादाचेही. ती बसली नाही. चपला पायातच ठेवून उंबऱ्यात उभी राहिली. आईने विचारलं, भांडलात का? ती म्हणाली, "भांडलो. अजून संपलं नाही." आई हसली. तिला ते लाडाचं वाटलं.

लग्न होईल की नाही, मला माहीत नाही. त्यांनाही आज माहीत असेल असं वाटत नाही. निळी साडी अजून आमच्याच कपाटात आहे, तिने मागितली नाही.

निघताना तिने मला जिन्यात गाठलं. दादा वरच थांबला होता. तिचा आवाज घोगरा झाला होता.

"सोमवारी जोडप्यांचा दिवस असतो ना तुमच्याकडे?" तिने विचारलं. "उद्या तुम्ही असता का?"

तिला मी असायला हवं होतं की नको होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. कदाचित तिलाही कळत नसेल.

"नाही," मी म्हटलं. "उद्या मी नसते. मोठ्या सिस्टर असतात. चांगल्या आहेत. चष्मा काढला तरी घाबरू नका."

ती किंचित हसली आणि उतरून गेली.

मी खोटं बोलले नाही. रजेचा अर्ज कालच देऊन आले होते.